चौदा रेघांचं अक्षर

१

सावळीराम मास्तरांनी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. बाकीचे मास्तर वर सरकले, चौथीला गेले, हेडमास्तर झाले. यांनी पहिली काही सोडली नाही. पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची, पाटीवरच्या अक्षरावरून हात फिरवायचा, आणि ते अक्षर त्याच्या बोटांत उतरेपर्यंत फिरवतच राहायचं, ही त्यांची सगळी विद्या. नाशिकरोडच्या निम्म्या कारकुनांचं अक्षर माझ्या हाताखालून गेलंय, असं ते म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली ते निवृत्त झाले. त्याच डिसेंबरात एका सकाळी लताबाई भाकरी थापता थापता बाजूला कलंडल्या. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

ही बाई किती बोलायची, ते वसाहतीत कुणालाही विचारा. नळावर बोलायची, दळणाला जाताना बोलायची, मास्तर वह्या तपासायला बसले की शेजारी तांदूळ निवडत बोलायची. 'अगं, जरा थांब ना,' असं मास्तर तीस वर्षं म्हणत आले होते. आता ती थांबली होती, आणि त्या दोन खोल्यांत घड्याळाच्या टिकटिकीनं मास्तरांचं डोकं उठायचं. तिनं एक शब्द बोलावा, एवढंच त्यांना हवं होतं. कुठलाही चालला असता, शिवीसुद्धा.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "मालिश करा, बोटं हलवत राहा. सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं. नंतर फारसं काही येत नाही." तेव्हापासून मास्तर पाचला उठत. तिचं अंग पुसत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावत, दर दोन तासांनी कूस बदलत, चमच्यानं पेज भरवत. मग तिच्या उजव्या हाताचं एकेक बोट उचलून मिटवायचं आणि उघडायचं. ते बोट सोडलं की पडायचं. मे महिना उजाडला, सहावा महिना लागला, तरी ते बोट पडतच होतं.

शेजारच्या आक्काबाई मूळच्या सायखेड्याच्या, जिवाला जीव देणाऱ्या, पण जिभेला हाड नाही. त्या रोज दारात येऊन म्हणत, "मास्तर, लय दिस झाले. वणीच्या देवीला नवस बोला. तुमचं काय जातंय?"

"आक्काबाई, छप्पन साली मी प्रतिज्ञा घेतल्यात. नवस बोलायचा नाही म्हणजे नाही."

"बाई मरंल तिकडं, अन् तुमी बसा प्रतिज्ञा घेऊन!"

भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. मास्तर तिच्याकडे बघत आणि पुन्हा लताबाईंची बोटं मिटवायला-उघडायला बसत. पण खरं सांगायचं तर त्या महिन्यात रोज दुपारी, ती झोपली की, ते मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडत.

२

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांची खालची कवळी तुटली. ती घेऊन ते स्टेशनजवळच्या तुंग डॉक्टरांकडे गेले.

तुंग चिनी खरे, पण जन्मले नाशिकरोडलाच. बाप कलकत्त्याहून दात बसवत बसवत इथवर आला आणि इथलाच झाला. तुंगांचं मराठी असं की डोळे मिटून ऐकलं तर सिन्नरचा कांद्याचा व्यापारी बोलतोय असं वाटावं. "बसा मास्तर. काय, सुपारी फोडली का कवळीनं?" असं म्हणत त्यांनी तुकडे हातात घेतले.

दुकानातल्या भिंतीवर, दातांच्या साच्यांच्या फळीवर, काचेत लावलेला एक पिवळा कागद होता. त्याच्यावर एकच काळं अक्षर. मास्तर या दुकानात चार वेळा आले असतील, पण ते अक्षर त्यांनी आजच नीट पाहिलं. रिकाम्या माणसाची नजर भिंतीवर जाते.

"हे काय लिहिलंय?"

"ते? युआन. वडिलांचं अक्षर आहे. आई आजारी होती तेव्हा लिहिलेलं."

"अर्थ काय?"

तुंगांनी कवळी घासायची थांबवली. "कसं सांगू? मला हे पाहिजे, असं मनापासून म्हणायचं असलं की हे. आणि मी राजी आहे, माझी तयारी आहे, असं म्हणायचं असलं तरी हेच. तुमच्या बुद्धाच्या प्रतिज्ञेलाही आमच्या पोथ्यांत हेच अक्षर लिहितात."

"राजी? कशाला राजी?"

"ते लिहिणाऱ्याला ठाऊक," तुंग हसून म्हणाले.

मास्तर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. नवस त्यांना चालत नव्हता, अंगारा चालत नव्हता, भगत तर दारातही चालत नव्हता. पण अक्षर? अक्षर शिकण्यात कसला आलाय देव? शिका, असं तर बाबासाहेबच सांगून गेले. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि मास्तरांसारख्या माणसाला ती काडी स्वतःच्या तत्त्वात बसणारी लागते. त्यांनी विचारलं, "मला शिकवाल?"

तुंगांना गंमत वाटली. त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूला एकेक रेघ काढून दाखवली. आधी एक आडवी, मग डावीकडे उतरत जाणारी, पडवीच्या छपरासारखी. त्या छपराखाली एक तिरकी रेघ आणि मधोमध आडवी पट्टी असलेली चौकट. चौकटीखाली गळासारखी टोकाला वळलेली एक उभी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन फटकारे. आणि सगळ्यांत खाली हृदय: डावीकडे एक ठिपका, मग विळ्यासारखी वळलेली रेघ, मग आणखी दोन ठिपके. एकूण रेघा चौदा.

"एक लक्षात ठेवा," तुंग म्हणाले. "रेघ एकदाच. चुकली तर चुकली. तिच्यावरून परत हात फिरवायचा नाही. मी फिरवला की वडील पाठीत रट्टा घालायचे."

"का?"

"मला काय ठाऊक? मला तीस-चाळीस अक्षरं येतात, त्यातलं हे एक."

३

कागद मास्तरांच्या हाताला परका होता. त्यांनी माळ्यावरून लेकीची, पुतळाची, जुनी पाटी काढली. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. दुपारी लताबाईंची कूस बदलून झाली की ते तिच्या उशाशी स्टूलवर बसत, पेन्सिल पाण्यात बुडवत आणि चौदा रेघा मोजून काढत.

पहिल्या दिवशी छप्पर वाकडं आलं. दुसऱ्या दिवशी चौकट फुगली. तिसऱ्या दिवशी अक्षर जरा जमलं, आणि जमल्याबरोबर मास्तरांचा हात आपोआप पहिल्या रेघेवर परत गेला.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. एकतीस वर्षं ज्या माणसानं गिरवणं म्हणजेच शिकणं मानलं, तो एकदा लिहून हात कसा उचलणार? एकदा लिहिलेलं अक्षर पाटीवर राहतं, माणसात उतरत नाही, असं ते स्वतःच शिकवत आले होते. तुंगांच्या वडिलांचा रट्टा त्यांना आठवला. पण तुंग दातवाले आहेत आणि आपण मास्तर आहोत, असा एक बारीकसा ताठाही त्यांच्या मनात होताच. ते गिरवत बसले. रेघेवर रेघ, छपरावर छप्पर, ठिपक्यावर ठिपका. दर वेळी मनात एकच गोष्ट: हिनं बोलावं. हिनं एकदा बोलावं. तासाभरानं त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी केल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात अक्षर बोटाएवढं जाड झालं. एका सकाळी त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसून खिडकीत वाळत ठेवली. वाळली तसं अक्षर परत वर आलं.

यात काही नवल नाही. जुन्या पाटीचा पृष्ठभाग झिजला की असं होतं, हे पहिलीच्या मास्तरांना कुणी सांगायला नको. त्यांनी कोळसा आणि पाला लावून पाटी खसाखसा घासली, धुतली, पुन्हा उन्हात ठेवली. काळीभोर झाली. दहा मिनिटांनी अक्षर परत आलं, पहिल्यापेक्षा ठळक.

असू दे, ते मनाशी म्हणाले, रोज नव्यानं काढायचे कष्ट वाचले. मग त्यांनी चष्मा लावून बघितलं. हृदयाचे ठिपके तीन असतात. इथे चार होते. चौथा विळ्याच्या पोटात, अगदी खाली, मोहरीएवढा.

पेन्सिलीत कधी कधी कडक खडा निघतो, त्याचा ओरखडा असेल, असं त्यांनी ठरवलं. नखानं खरवडून पाहिलं. गेला नाही. ते गिरवायला बसले आणि तो चौथा ठिपका त्यांनी मुद्दाम टाळला. तरी संध्याकाळी तोही बाकीच्यांइतकाच जाड दिसत होता.

४

दुपारचे दोन वाजले होते. वसाहत झोपलेली. मास्तर गिरवत होते, आणि पाटीवर पेन्सिलीचा तो ओळखीचा कर्र कर्र आवाज येत होता. पेन्सिल वाळली म्हणून त्यांनी ती वाटीत बुडवली.

आवाज चालूच राहिला.

आधी त्यांना वाटलं उंदीर. मग वाटलं कान. त्यांनी श्वास रोखून ऐकलं. आवाज पलंगावरून येत होता. लताबाईंचं उजवं बोट, सहा महिने मेल्यासारखं पडलेलं बोट, अंथरलेल्या रबरी कापडावर नखानं खरवडत होतं.

"लता!" मास्तर ओरडले. "लता, अगं, बोट हललं तुझं!"

ते रडायला लागले. मोरीत गेले नाहीत, तिथेच, स्टूलवर बसून, लहान पोरासारखे रडले. आवाज ऐकून आक्काबाई धावत आल्या, त्यांनीही ते बोट पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "मला ठाऊक व्हतं! म्या परस्पर नवस बोलले व्हते मास्तर, तुमी न्हाई बोलत तर म्या बोलले. आता वणीला खण-नारळ घेऊन जावं लागंल."

मास्तर हसले. सहा महिन्यांत हसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी आक्काबाईंना देवीवरून काही सुनावलं नाही.

लताबाईंचं तोंडही जरा सरळ झालं होतं. लाळ कमी झाली होती. पेज गिळताना ठसका लागत नव्हता. फक्त एक गोष्ट होती. आजारपणातही तिचे डोळे मास्तरांच्या मागे फिरायचे. ते मोरीत गेले की मोरीच्या दाराकडे, चुलीकडे गेले की चुलीकडे. आता ते डोळे भिंतीकडे लागलेले असत. पलंग भिंतीला टेकवलेला होता. मधे हात घालायला जागा नव्हती. बघण्यासारखं तिकडे काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात यायला तीन दिवस लागले. ते गिरवत असताना बोट हलायचं. ते थांबले की थोड्या वेळानं थांबायचं.

५

रविवारी सकाळी तिची पाठ पुसताना पावडरचा डबा कलंडला. रबरी कापडावर पांढरा थर पसरला. मास्तर फडकं आणायला आत गेले, तेव्हा पाटी स्टूलवर होती आणि त्यांचं सकाळचं गिरवणं नुकतंच झालेलं होतं. परत आले तर पावडरीत छप्पर होतं, चौकट होती, विळा होता. आणि चार ठिपके.

लताबाईंनी आयुष्यात सहीपुरतं लिहिलं होतं. मास्तरांनी तिला पाटी कधी दाखवली नव्हती. ती उताणी पडलेली असायची, पाटी उशाशी असायची. पण रोज कानावर आवाज पडतो, पेन्सिलीच्या आवाजावरून हाताला वळण कळत असेल, मेंदूचं काय सांगावं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बुद्धी माणसाला हवं ते पटवून देते.

मग त्यांनी वाकून पाहिलं.

पहिलीच्या मास्तरांना दोन अक्षरांतला फरक लांबून कळतो. पोरानं स्वतः काढलेलं अक्षर वाकडं असतं, पण हलकं असतं. हात धरून काढवलेलं अक्षर सरळ असतं आणि दाबलेलं असतं, आणि वळणावळणावर एक बारीक झटका असतो, कारण पोर एकीकडे ओढत असतं आणि मास्तर दुसरीकडे. असे हजारो झटके सावळीराम मास्तरांनी पाहिले होते. पावडरीतल्या प्रत्येक वळणावर तो झटका होता.

आक्काबाईंना लताबाईंजवळ बसवून ते पाटी पिशवीत घालून तुंगांकडे गेले. दुकान बंद होतं, पण तुंग मागच्या खोलीत राहायचे. त्यांनी पाटी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

"हे तुम्ही लिहिलं?"

"लिहिलं म्हणजे, गिरवलं."

"गिरवलं म्हणजे कसं?"

मास्तरांनी सवयीनं तुंगांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि पाटीवरून हात फिरवून दाखवला. तुंगांनी हात झटक्यात मागे घेतला. "किती वेळा?"

"रोज दोन-तीनशे वेळा. वीस दिवस झाले."

"अहो मास्तर," तुंग हळू आवाजात म्हणाले, "एकदा म्हणायची गोष्ट तुम्ही पाच हजार वेळा म्हणालात. कुणीही ऐकलं असेल की."

"कुणी म्हणजे कोण?"

"मला काय ठाऊक? मी दात बसवतो." त्यांनी चौथ्या ठिपक्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "हे तुमचं नाही ना?"

"नाही."

तुंगांनी पाटी पालथी करून परत दिली. "वडिलांनी आईसाठी ते अक्षर लिहिलं, त्यानंतर चार दिवसांनी आई गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. मी म्हणालो, बाबा, परत लिहा ना, आणखी लिहा. त्यांनी नाही लिहिलं. मला किती वर्षं त्यांचा राग होता. बंद करा, मास्तर. आजपासून."

६

मास्तरांनी बंद केलं. पाटी धुण्याच्या बादलीखाली ठेवून दिली.

सोमवारी सकाळपर्यंत लताबाईंचं बोट थांबलं. दुपारी तोंड पुन्हा एका बाजूला ओघळलं. मंगळवारी पेज गिळवेना. चमचा लावला की तोंडाच्या कोपऱ्यातून परत यायची. संध्याकाळी छातीत घरघर सुरू झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं, नाडी पाहिली, आणि बाहेर ओट्यावर येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "लेकीला बोलावून घ्या," ते म्हणाले.

आक्काबाईंच्या मालकांनी सिन्नरच्या एसटीनं पुतळाकडे निरोप धाडला.

बुधवारी सकाळी सात वाजता मास्तरांनी बादली बाजूला केली. त्या वेळी त्यांनी फार विचार केला असं नाही. घरघर ऐकत एक रात्र काढलेल्या माणसाला विचार कुठून सुचणार? पाटी ओली होती, आणि तरी अक्षर स्पष्ट होतं. त्यांनी पेन्सिल टेकवली.

तिसऱ्या फेरीला घरघर थांबली. दहाव्या फेरीला तोंड सरळ झालं. मास्तरांनी गिरवता गिरवता मान वळवून पाहिलं. लताबाईंचा उजवा हात आता मनगटापासून हलत होता, नीट, वळणदार. उजेड खिडकीतून थेट त्या हातावर पडला होता.

हाताच्या पाठीवर चार खळगे पडलेले होते, ओळीनं. कुणी मुठीवर मूठ ठेवून दाबलं की पोराच्या हातावर पडतात तसे. खळग्यांच्या मधली कातडी पांढरी पडली होती आणि कडांना लाल. हात वळला की खळगेही वळत होते.

मास्तरांचा हात थांबला नाही. त्यांनी नजर हळूहळू भिंतीकडे नेली, जिकडे तिचे डोळे लागलेले होते. तिथे भिंत होती. चुन्याचा पोपडा होता, कॅलेंडरचा खिळा होता. कुणी नव्हतं. पण गादीची भिंतीकडची कड खाली दबलेली होती, माणूस बसला की दबते तेवढी. रबरी कापडाला तिकडे सुरकुत्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या बघता बघता त्यातली एक सुरकुती जरा पुढे सरकली. बसलेलं माणूस नीट बसण्यासाठी सरकतं तशी.

त्यांनी डोळे पाटीवर घेतले. कापूस दबून गेलाय, वर्षानुवर्षांची गादी आहे, असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं. आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

७

पुतळा दुपारच्या गाडीनं आली. आईचं मरण बघायला आलेली पोर, दारातच हंबरडा फोडायच्या बेतात होती. आत येऊन बघते तर आईचं तोंड सरळ, रंग बरा, श्वास शांत. "आबा, हे काय! निरोप तर असा होता की..." तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बरी आहे ती," मास्तर म्हणाले. ते सकाळपासून जेवले नव्हते. पाटी मांडीवर होती. उंबऱ्याजवळ, पलंगापासून चार हात लांब, त्यांनी स्टूल ओढून घेतलं होतं. जवळ बसायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती.

"तुम्ही हे काय गिरवताय?"

"व्यायाम आहे. आवाजानं तिचा हात हलतो."

पुतळानं ते लगेच मानलं. बापाचं अक्षरावरचं प्रेम तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती चहा करायला आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मास्तर गिरवत राहिले.

तेव्हा लताबाई बोलल्या.

घोगरा, सहा महिने न वापरलेला आवाज. पण तिचाच. मास्तरांनी तो आवाज कुठेही ओळखला असता.

"हात सोडा," ती म्हणाली. "हात सोडा ना माझा."

तिचं तोंड भिंतीकडे होतं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पुतळा धावत बाहेर आली. "आई बोलली! आबा, आई बोलली! हात सोडा म्हणतेय, तुम्ही पण किती घट्ट धरता तिला!" ती हसत होती, रडत होती. बाप उंबऱ्याजवळ बसलाय, त्याच्या एका हातात पाटी आहे आणि दुसऱ्यात पेन्सिल, हे तिला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. "आक्काबाईंना सांगून येते. काकू! अहो काकू!" ती चपला न घालताच पळत गेली.

खोलीत दोघंच उरली. मास्तर मनात म्हणाले, दोघंच.

ज्याच्यासाठी सहा महिने जीव टांगणीला लागला होता, ते त्यांना मिळालं होतं. ती बोलली होती. मास्तरांना आनंद झाला का? झाला. हे सांगायला लाज वाटते, पण आधी आनंदच झाला, अंगावर काटा नंतर आला.

लताबाईंनी मान वळवली. फार कष्टानं, मानेवर कुणी हात ठेवलेला असताना वळवावी तशी, तिनं भिंतीवरचे डोळे काढले आणि नवऱ्याकडे आणले. किती दिवसांनी ती त्यांच्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत ओळख होती. तिला सगळं ठाऊक होतं. काय चाललंय, कुणामुळे चाललंय, आणि ते कोण थांबवू शकतं.

"अहो," ती म्हणाली. "पुरे करा."

मास्तरांनी पेन्सिल उचलली.

खोली एकदम शांत झाली. लताबाईंचा हात दोन-तीन वळणं घेऊन कापडावर पडला. हातावरचे चार खळगे एकेक करून भरून आले, आणि तिनं एक लांब श्वास सोडला, ओझं खाली ठेवल्यासारखा. तिचे डोळे मास्तरांवरच होते. मग तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली घसरू लागला. घशात कुठेतरी, अगदी बारीक, घरघर सुरू झाली.

"लता," मास्तर म्हणाले. "लता, अगं, पुतळा आलीये. तिच्याशी तरी बोल."

ती बोलली नाही. नुसती बघत राहिली. घरघर वाढली.

बाहेर अंगणात पावलं वाजायला लागली होती. आक्काबाईंचा आवाज, पुतळाचा आवाज, आणखी दोघी-तिघींचा आवाज. "काय म्हणल्या गं? खरंच बोलल्या? काय म्हणल्या?" आणि पुतळा हसत हसत सांगत होती.

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. खिडकीकडे वळवून, चष्मा लावून, पाठ आणि मनगट दोन्ही नीट पाहिली. कुठे खळगा नव्हता, कुठे पांढरं पडलं नव्हतं. त्या हातावर कुणाचाही हात नव्हता.

त्यांनी पेन्सिल वाटीत बुडवली आणि पहिल्या रेघेवर टेकवली.